लळा लावण्यापूर्वी : परदेशातील बालगृहात स्वयंसेवा करू इच्छिणाऱ्यांसाठी

परदेशातील बालगृहात स्वयंसेवक म्हणून जायचे ठरवणाऱ्याने सर्वांत आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी : त्या घरात राहणारी मुले कोण आहेत आणि ती तिथे कशी आली. बहुतेक जण येथेच चुकतात, कारण 'अनाथाश्रम' हा शब्द ऐकताच आईवडील नसलेले मूल डोळ्यांसमोर उभे राहते आणि पुढचे सगळे बेत त्या एका चित्रावर आखले जातात. युनिसेफच्या मोजणीत आई किंवा वडील यांपैकी एकाला गमावलेले मूलही 'अनाथ' ठरते. २०१५ सालच्या अंदाजानुसार जगात अशी सुमारे १४ कोटी मुले होती, पण दोन्ही पालक गमावलेली मुले त्यांत साधारण दीड कोटीच होती, आणि त्यांतलीही बहुसंख्य मुले आजीआजोबा, काका-मामा किंवा मोठ्या भावंडांच्या घरी वाढत होती. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेने २००९ मध्ये मांडले की संस्थांमध्ये राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांचे आई किंवा वडील, अथवा दोघेही, हयात असतात.

मग ही मुले तिथे का असतात? घरची गरिबी, गावात शाळा नसणे, मुलाचे अपंगत्व, आईचे आजारपण, वडिलांचे स्थलांतर, कुटुंबातील मारहाण अशी कारणे पुन्हा पुन्हा आढळतात. यांतील मारहाणीसारख्या कारणासाठी मुलाला काही काळ घराबाहेर सुरक्षित ठेवावेच लागते, हे खरे आहे. परंतु शाळेची फी परवडत नाही एवढ्यासाठी मूल आईपासून तोडले जात असेल, तर त्या मुलाला नवी खोली आणि नवा स्वयंसेवक देण्यापेक्षा त्याच्या आईच्या हाती फी देणे स्वस्तही असते आणि माणुसकीचेही.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, आणि त्यांत राहणाऱ्या दर चार मुलांपैकी जवळपास तिघांचे आई किंवा वडील जिवंत होते. वाढले होते ते पर्यटन, आणि पर्यटकांबरोबर येणाऱ्या देणग्या. नेपाळमध्येही बहुतेक बालगृहे काठमांडूचे खोरे, पोखरा आणि चितवन अशा पर्यटकांच्या ये-जा असलेल्या भागांत एकवटलेली आढळतात. गरज जिथे सर्वांत मोठी आहे, त्या कर्नाळीच्या दुर्गम डोंगराळ मुलखात ती फारशी नाहीत. १९९६ ते २००६ या सशस्त्र संघर्षाच्या काळात हुम्लासारख्या जिल्ह्यांतील आईवडिलांना दलाल गाठत, मुलाला शहरात चांगली शाळा मिळेल असे सांगून त्यांच्याकडूनच पैसे घेत, आणि पालक मृत असल्याची खोटी कागदपत्रे तयार करून मुलाला बालगृहात सोडत. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने आधुनिक गुलामगिरीविषयीच्या २०१७ मधील अहवालात या व्यवहाराची स्वतंत्रपणे दखल घेतली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मधील ठरावात अनाथाश्रमांतील स्वयंसेवेच्या पर्यटनामुळे मुलांच्या होणाऱ्या शोषणाला आळा घालण्याचे आवाहन सदस्य देशांना केले. स्वयंसेवक सद्भावनेने येतो याविषयी मला शंका नाही. मात्र त्याच्या सद्भावनेची मागणी बाजारात नोंदवली गेली, की ती पुरवण्यासाठी मुले शोधली जातात, हे त्याला माहीत असलेच पाहिजे.

लळा आणि त्याचे मोल

मराठीत 'लळा लावणे' असा एक नेमका शब्दप्रयोग आहे, आणि या विषयात त्याच्याइतका उपयोगी शब्द दुसरा नाही. मुलाच्या पहिल्या काही वर्षांत ठरावीक एकदोन माणसे रोज त्याच्या रडण्याला धावून येतात, त्याला भरवतात, झोपवतात, आणि उद्याही तीच माणसे येतील हा भरवसा त्याच्या शरीरात मुरतो. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात या नात्याचे मानसिक आरोग्यातील स्थान मांडले. पुढे रुमानियात, हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीनंतर एक लाखाहून अधिक मुले सरकारी संस्थांत असल्याचे जगासमोर आले तेव्हा, हाच प्रश्न शास्त्रीय काटेकोरपणे तपासण्याची वेळ आली. २००० साली बुखारेस्टमध्ये सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांतील १३६ लहान मुलांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निःपक्षपाती पद्धतीने निवडून, संगोपन करणाऱ्या कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि नाती जोडण्याची क्षमता यांत स्पष्ट सुधारणा दिसली, आणि वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास किंवा त्याआधी कुटुंबात पोहोचलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये स्वीकारलेली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वेही तीन वर्षांखालील मुलांची काळजी कुटुंबासारख्या वातावरणातच घेतली जावी, असे सांगतात.

याचा स्वयंसेवकाशी थेट संबंध आहे. बालगृहाच्या फाटकातून आत पाऊल टाकताच तीन-चार मुले धावत येऊन पायांना मिठी मारतात, हात धरतात, मांडीवर बसतात, आणि पाहुण्याला वाटते की मुले किती प्रेमळ आहेत, त्यांना आपली किती गरज आहे. घरात वाढलेले चार वर्षांचे मूल अनोळखी माणसाला पाहून आईच्या मागे लपते. अनोळखी माणसाच्या मांडीवर क्षणात चढणारे मूल आपले माणूस आणि परके माणूस यांतला भेद करायला शिकलेलेच नसते, कारण त्याच्या आयुष्यात माणसे एकसारखी बदलत आली आहेत. बालमानसशास्त्रात हे नात्यांच्या जडणघडणीतील बिघाडाचे लक्षण मानतात. अशा मुलाला दोन आठवडे लळा लावून निघून जाणारा माणूस त्या मुलाने आधीच सोसलेल्या ताटातुटींत आणखी एकीची भर घालतो, आणि त्याच्यानंतरच्या महिन्यात दुसरा कोणी येऊन तेच करतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका बालगृहाच्या भिंतीवर मी रंगात बुडवलेल्या तळव्यांचे ठसे पाहिले होते. प्रत्येक स्वयंसेवकाने जाताना आपला ठसा उमटवून खाली नाव आणि महिना लिहिला होता, आणि भिंत जवळजवळ भरली होती. तिथल्या सात-आठ वर्षांच्या मुलांना सहा-सात भाषांत नमस्कार करता येत होता, प्रत्येक देशाचे एखादे बालगीतही येत होते. त्यांच्या स्वतःच्या शाळेच्या पुस्तकातला धडा मात्र त्यांना वाचता येत नव्हता. येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून सुरुवात केली होती आणि धड्यापर्यंत कोणीच पोहोचले नव्हते. ती भिंत आठवली की आजही मन अस्वस्थ होते, आणि हे मार्गदर्शन लिहिण्याचे खरे कारण तीच आहे.

जावे की जाऊ नये

स्वतःला विचारण्याचा पहिला प्रश्न साधा आहे : हेच काम, माझ्या आजच्या शिक्षणावर आणि अनुभवावर, मला माझ्या देशातील बालगृहात करू दिले असते का? कोणतेही प्रशिक्षण नसलेल्या, भाषा न समजणाऱ्या आणि महिन्याभरात जाणाऱ्या परक्या माणसाला आपल्या मुलांना आंघोळ घालायला किंवा रात्री झोपवायला कोणी देणार नसेल, तर दुसऱ्या देशातील मुलांच्या बाबतीत तो नियम सैल होण्याचे काहीच कारण नाही. ज्यांचे उत्तर 'नाही' असे येते त्यांनी मुलांच्या प्रत्यक्ष संगोपनाचे काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी जाणाऱ्यांनी तर, शिक्षण कितीही असो, मुलांच्या रोजच्या देखभालीपासून दूरच राहावे. विशेष शिक्षण, वाचा-उपचार, भौतिकोपचार, बालरोग परिचर्या किंवा समाजकार्य यांचे औपचारिक शिक्षण असलेली आणि सहा महिने ते वर्षभर राहू शकणारी व्यक्ती असेल तर चित्र वेगळे होते, आणि तिलाही माझा सल्ला हाच राहील की आपले कौशल्य तेथील कायम कर्मचाऱ्यांच्या हाती सोपवण्याचे काम घ्यावे.

याचा अर्थ इतरांसाठी दार बंद आहे असा नाही. कुटुंबे तुटू नयेत म्हणून काम करणाऱ्या संस्था, दिवसा मुलांना सांभाळून संध्याकाळी घरी पाठवणारी केंद्रे, गावातील शाळांना आधार देणारे उपक्रम आणि बालगृहातील मुलांना घरी परत पोहोचवणारे गट जगात सर्वत्र आहेत. अशा संस्थांना मुलांशी खेळणाऱ्या माणसांपेक्षा हिशेब नीट लावणारा, संगणकावर नोंदी बसवून देणारा, निधीसाठी अर्ज लिहिणारा, छप्पर दुरुस्त करणारा माणूस अधिक हवा असतो. हे काम छायाचित्रात शोभत नाही, पण तुम्ही निघून गेल्यावरही ते टिकते.

संस्थेला विचारायचे प्रश्न

संस्था निवडताना सर्वाधिक वेळ द्यावा. माझ्या मते एकूण तयारीतील निम्मा वेळ येथे गेला तरी तो वाया गेला असे समजू नये. पहिला प्रश्न नोंदणीचा : त्या देशाच्या बालकल्याण खात्याकडे हे बालगृह अधिकृतपणे नोंदलेले आहे का, शेवटची तपासणी कधी झाली, आणि नोंदणीची प्रत पाहायला मिळेल का? धर्मादाय संस्था म्हणून झालेली नोंदणी आणि बालगृह चालवण्याचा परवाना या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि पहिली दाखवून दुसरी असल्याचा भास निर्माण केला जातो. मिळालेली माहिती त्या खात्याकडून स्वतः पडताळून घ्यावी.

त्यानंतरचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे : गेल्या दोन वर्षांत किती मुले आपल्या कुटुंबात परत गेली? चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा आनंद होतो. तिच्याकडे प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद असते, त्याचे आईवडील किंवा नातेवाईक कुठे आहेत हे शोधलेले असते, समाजकार्यकर्ता त्यांना भेटून आलेला असतो, आणि ते मूल किती काळात, कोणत्या टप्प्यांनी घरी जाऊ शकेल याचा आराखडा केलेला असतो. 'ही सगळी मुले अनाथच आहेत, त्यांना कोणीच नाही' असे एका दमात सांगणाऱ्या संस्थेबद्दल सावध व्हावे. पालक मुलांना भेटायला केव्हा येऊ शकतात, सणासुदीला मुले घरी जातात का, आणि अठरा वर्षे पूर्ण झालेली मुले पुढे कुठे गेली, हेही विचारावे. बाल हक्क संहितेने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या करारनाम्याने, मुलाला त्याच्या हिताखेरीज अन्य कारणाने आईवडिलांपासून वेगळे न करण्याची जबाबदारी सरकारांवर टाकली आहे. या प्रश्नांमागे तीच जबाबदारी उभी आहे.

कर्मचाऱ्यांविषयी विचारताना एकूण संख्या विचारू नये, तर एका काळजीवाहकाकडे किती मुले असतात आणि तो काळजीवाहक किती वर्षे तिथे आहे, हे विचारावे. स्वयंसेवक नसतील त्या महिन्यात काम कसे चालते, या प्रश्नाचे उत्तर 'फार ओढाताण होते' असे आले, तर पगारी माणसांच्या जागा पाहुण्यांवर भागवल्या जात आहेत असे समजावे. लेखी बालसंरक्षण धोरण मागावे आणि ते वाचावे. त्यात स्वयंसेवकाने काय करायचे नाही, तक्रार कोणाकडे करायची, आणि मुलांना स्वतः तक्रार करायची असेल तर वाट कोणती, हे लिहिलेले असले पाहिजे.

पैशांचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो सोडू नये. मध्यस्थ कंपनीला दिलेल्या शुल्कातील किती रक्कम बालगृहापर्यंत पोहोचते आणि ती कशावर खर्च होते, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद उपलब्ध आहे का, हे लेखी मागावे. मुलांची नावे, चेहरे आणि करुण कहाण्या जाहिरातीसाठी वापरणारी, वाटेवरच्या पर्यटकालाही तासाभरासाठी आत घेणारी, पाहुण्यांपुढे मुलांना नाच-गाणे करायला लावणारी, किंवा मुलांना एकट्याने बाहेर फिरायला न्यायची मुभा देणारी संस्था नाकारावी, मग तिच्या इमारतीची अवस्था पाहून कितीही पोटात तुटो. काही ठिकाणी ती अवस्था देणग्या मिळाव्यात म्हणून जाणूनबुजून तशीच ठेवलेली असते.

आणि शेवटची कसोटी उलट दिशेची आहे. संस्था तुम्हाला काय विचारते? पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला, किमान दोन संदर्भ, मुलाखत आणि प्रशिक्षण यांपैकी काहीही न मागता, शुल्क भरताच जागा निश्चित करणारी संस्था तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसाला जितक्या सहज आत घेते, तितक्याच सहज मुलांना इजा करू पाहणाऱ्यालाही घेते.

कागदपत्रे आणि प्रकृती

चारित्र्य पडताळणीचा दाखला ज्या ज्या देशात तुम्ही दीर्घकाळ राहिला असाल, तेथून घ्यावा. ब्रिटनमध्ये राहिलेल्यांना परदेशात मुलांबरोबर काम करण्यासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय बालसंरक्षण प्रमाणपत्र मिळते. संस्थेने मागितला नाही तरी हा दाखला बरोबर न्यावा आणि पहिल्याच दिवशी द्यावा, म्हणजे पुढच्यांसाठी पायंडा पडतो.

व्हिसाच्या बाबतीत 'पगार घेत नाही, म्हणजे काम नाही' हा समज अनेकांना महागात पडतो. नेपाळमध्ये पर्यटन व्हिसावर विनामोबदला कामही करता येत नाही, आणि थायलंडमध्ये स्वयंसेवेसाठीसुद्धा कामाचा परवाना लागतो. ज्या देशात जायचे तेथील वकिलातीकडून लेखी खुलासा घ्यावा. 'पर्यटक म्हणून या, कोणी विचारत नाही' असे सांगणारी संस्था एक कायदा मोडायला शिकवत असते, आणि जी एक मोडते ती दुसराही मोडत असण्याचा संभव असतो.

लसीकरणाचा विचार लोक स्वतःच्या बचावापुरता करतात; येथे मुलांचाही करायचा आहे. एकत्र राहणाऱ्या मुलांत गोवर, डांग्या खोकला आणि फ्लू झपाट्याने पसरतात, आणि हे आजार बाहेरून आणणारा माणूस बहुधा प्रौढ पाहुणाच असतो. गोवर, धनुर्वात व डांग्या खोकला, हिपॅटायटिस 'ए' आणि 'बी', विषमज्वर आणि काही देशांसाठी रेबीज यांविषयी निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांशी बोलावे, आणि क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. पीतज्वराचे प्रमाणपत्र काही देशांत प्रवेशासाठीच लागते. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि जुलै २०१६ पासून आयुष्यभरासाठी वैध धरले जाते. ताप किंवा खोकला असताना मुलांमध्ये जाऊ नये, हे सांगण्याची गरज नसावी, पण उत्साहाच्या भरात नेमके हेच विसरले जाते.

भाषा शिकण्यासाठी किमान तीन महिने द्यावेत. दोन-चारशे शब्द, नम्र संबोधने, 'दुखते का', 'नको', 'थांब', 'मला समजले नाही' एवढे तरी यावे. मुलाने 'नको' म्हटलेले ज्याला कळत नाही, त्याने मुलाजवळ बसू नये.

तिथे गेल्यावर

पहिला आठवडा पाहण्यात आणि ऐकण्यात घालवावा. काळजीवाहक बाई मुलांना कशा हाक मारतात, रडणाऱ्या मुलाकडे प्रथम कोण जाते, जेवताना कोणते नियम आहेत, हे टिपून ठेवावे आणि आपल्या वागण्याची घडी त्यानुसार बसवावी. नियम पटला नाही तर तो मुलांसमोर मोडू नये. प्रमुखांशी एकांतात बोलावे. मूल पडले, रडले, घाबरले तर त्याला तुमच्याकडे ओढून न घेता त्याच्या कायमच्या काळजीवाहकाकडे न्यावे. हा नियम पाळणे अतिशय कठीण जाते, कारण समोर मूल रडत असते आणि हात आपोआप पुढे होतात. तरीही तो पाळावा, कारण तुम्ही गेल्यावर त्या मुलाला ज्यांच्याकडे जायचे आहे, त्यांच्याकडेच वळण्याची सवय त्याला हवी असते.

कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत किंवा इतरांच्या नजरेआड एकटे राहू नये. अभ्यास घेताना दार उघडे असावे आणि दुसरा प्रौढ दिसेल इतक्या अंतरावर असावा. हा नियम मुलाचे रक्षण करतो आणि तुमचेही. मुलाने हात पुढे केला तर धरावा, आपण होऊन मिठ्या मारू नयेत. एका मुलाला वेगळी भेटवस्तू, वेगळा खाऊ किंवा आपला फोन देऊ नये. आणायचेच असेल तर सर्वांच्या उपयोगाची वस्तू संस्थेच्या हाती द्यावी. मुलांना त्यांच्या भूतकाळाविषयी विचारू नये. प्रत्येक नव्या पाहुण्याला आपली कहाणी सांगायला लागणे हा त्या मुलावर होणारा अन्यायच आहे.

छायाचित्रांबाबत माझी भूमिका कडक आहे : मुलांचा चेहरा दिसेल असे एकही छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये. बाल हक्क संहितेच्या १६ व्या कलमाने मुलाच्या खासगीपणाला संरक्षण दिले आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने दिलेली परवानगी ही मुलाची किंवा त्याच्या पालकांची परवानगी नसते. ठिकाणाचे नाव जोडलेले छायाचित्र तर ज्याच्यापासून मुलाला लपवून ठेवले आहे, त्याच्यापर्यंतही पोहोचू शकते. ते मूल पंचवीस वर्षांचे झाल्यावर 'अनाथ' अशा मथळ्याखाली आपला चेहरा पाहील, एवढे आठवले तरी हात थांबतो.

एखादे मूल तुम्हाला मारहाणीविषयी किंवा लैंगिक छळाविषयी काही सांगू लागले तर शांतपणे ऐकावे, 'हे तू सांगितलेस ते चांगले केलेस, यात तुझा दोष नाही' असे म्हणावे, आणि 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन मात्र कधीही देऊ नये. खोदून प्रश्न विचारू नयेत. तपास करणे हे प्रशिक्षित माणसांचे काम आहे, आणि चुकीच्या प्रश्नांनी पुढचा पुरावा बिघडतो. मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळ घालून, त्याच दिवशी लिहून ठेवावेत आणि बालसंरक्षण अधिकाऱ्याकडे द्यावेत. संशय संस्थेच्या चालकांवरच असेल, तर त्या देशाची बालमदतवाहिनी, बालकल्याण खाते, तुम्हाला पाठवणारी संस्था आणि तुमच्या देशाची वकिलात यांना कळवावे. हे क्रमांक पोहोचल्याच्या दिवशी लिहून ठेवावेत. गरज पडते तेव्हा ते शोधण्याइतके मन ठिकाणावर नसते.

स्वतःच्या अधिकारात मुलाला तेथून काढण्याचा विचारही करू नये. हैतीमध्ये जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर दहा अमेरिकी नागरिकांनी ३३ मुलांना योग्य कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे डॉमिनिकन प्रजासत्ताकात नेण्याचा प्रयत्न केला. त्यांना अटक झाली, आणि त्या मुलांपैकी अनेकांचे आईवडील हयात असल्याचे उघड झाले.

निघताना आणि नंतर

निघण्याची तारीख पोहोचल्याच्या दिवशीच मुलांना सांगावी, आणि लहान मुलांना समजेल अशा रीतीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दाखवावी. मुले झोपेत असताना गुपचूप निघून जाणे त्यांच्यासाठी सोपे असते असे सांगणारे भेटतात. ते ऐकू नये. सकाळी उठल्यावर माणूस नाहीसा झालेला असणे हा अनुभव त्यांतील बऱ्याच मुलांनी याआधी घेतलेला असतो. सर्वांसमोर, दिवसाउजेडी, थोडक्यात निरोप घ्यावा. 'मी पुन्हा येईन' हे वाक्य तिकीट हातात असल्याशिवाय उच्चारू नये. पुढे पत्र लिहायचे असेल तर संस्थेमार्फत आणि सर्वांना उद्देशून लिहावे. मुलांशी खासगी संदेशांची देवाणघेवाण ठेवू नये.

तुम्ही केलेल्या कामाची लेखी नोंद तेथील भाषेत, कोणाकडून तरी तपासून घेऊन, कर्मचाऱ्यांना द्यावी : कोणत्या मुलाचा धडा कुठपर्यंत आला, कोणता व्यायाम दिवसातून किती वेळा करायचा, संगणकातील नोंदी कशा भरायच्या. पुढचा माणूस पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करणार नाही, एवढी तरी तजवीज या वहीने होते.

घरी परतल्यावर बहुतेकांना पैसे पाठवावेसे वाटतात. ते जरूर पाठवावेत, पण नव्या खाटा किंवा नवे दालन यांसाठी देऊ नयेत, कारण रिकाम्या खाटा भरण्यासाठी पुन्हा मुले आणली जातात. कुटुंब शोधणाऱ्या समाजकार्यकर्त्याचा पगार, घरी परतलेल्या मुलाची शाळेची फी आणि त्याच्या आईला सुरू करून दिलेला लहानसा व्यवसाय यांसाठी रक्कम राखून ठेवायला सांगावे. रवांडाने २०१२ मध्ये बालगृहांतील मुलांना टप्प्याटप्प्याने कुटुंबांत नेण्याचे राष्ट्रीय धोरण हाती घेतले. हा बदल पैशांशिवाय होत नाही, आणि घाईनेही होत नाही. एखादी संस्था चुकीच्या वाटेवर आहे असे लक्षात आल्यावर मदत एका रात्रीत बंद करणेही धोक्याचे असते, कारण त्याची झळ चालकांच्या आधी मुलांच्या ताटाला लागते. अशा वेळी इतर देणगीदारांना बरोबर घेऊन, मुलांना घरी पोहोचवण्याचा आराखडा आणि त्याची मुदत लेखी मागावी, आणि त्या मुदतीपर्यंत जेवण, शाळा आणि औषधे यांपुरती मदत चालू ठेवावी.